उभ्या इंजिनाची निगा: वाफेच्या इंजिनावर काम करू इच्छिणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी

वाफेच्या एका जुन्या इंजिनाचे बाह्यरूप पूर्ववत करण्याच्या कामावर मी स्वयंसेवक म्हणून दाखल झाले, तेव्हा गंज खरवडायचा आणि रंग लावायचा, एवढीच माझी समजूत होती. इंजिन पुन्हा धावणार नसल्यामुळे बॉयलरची दाबचाचणी, नव्या नळ्या आणि त्यांचा मोठा खर्च टळतो, हे खरे. परंतु धावत्या इंजिनातील चूक लगेच उघडकीस येते, तर उभ्या इंजिनावरची चूक रंगाखाली झाकली जाऊन वर्षानुवर्षे तशीच राहते.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून अशी चूक झाली. कॅबच्या, म्हणजे चालकाच्या खोलीच्या, बाजूच्या पत्र्यावरचे पोपडे मी तारेच्या ब्रशने उत्साहाने काढत गेले. पत्रा स्वच्छ झाल्यावर आदल्या आठवड्यातले छायाचित्र पाहिले, तेव्हा हाताने रंगवलेल्या जुन्या क्रमांकाचे दोन अंक त्या जागी पुसट दिसत होते. ते अंक गेले ते कायमचेच. म्हणून ब्रशला हात लावण्यापूर्वी कॅमेरा आणि वही हाती घ्यावी, हे मी प्रत्येक नवख्याला आधी सांगते.

रंगाचे थर वाचायला शिकणे हा या कामातला मला सर्वांत प्रिय भाग आहे. ऊन-पाऊस फारसा न पोहोचलेली आडोशाची जागा निवडावी आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढ्या जागेवर हलक्या हाताने गोल गोल घासावा. मध्यभागी धातू उघडा पडतो आणि त्याच्याभोवती, झाडाच्या खोडात दिसतात तशी, आधी प्रायमरचे, मग मूळ रंगाचे आणि त्यानंतर झालेल्या प्रत्येक रंगकामाचे अशी वर्तुळे उमटतात. आमच्या इंजिनावर काळ्याच्या कित्येक थरांखाली गडद हिरवा निघाला. तरीही छटा तिथल्या तिथे ठरवू नये, कारण जुने वॉर्निश पिवळे पडते आणि त्याखालचा निळाही हिरवट भासतो.

असेच लक्ष चाकांना जोडणाऱ्या दांड्यांकडे द्यावे. कार्यशाळेत दुरुस्तीच्या वेळी सुटे भाग एका इंजिनावरून दुसऱ्यावर चढवले जात. त्यामुळे दांड्यांवर ठोकलेला क्रमांक इंजिनाच्या क्रमांकाहून वेगळा आढळला, तर तोही इतिहासच असतो. लांबी (पुट्टी) भरून तो बुजवणे मला अक्षम्य वाटते.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून तो कोरडा कधीही घासू नये, योग्य प्रतीचा मास्क वापरावा आणि हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये. बॉयलरवरच्या आवरणाखाली पांढरट, तंतुमय लेप दिसला, तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तिथे काम थांबवून प्रशिक्षित व्यक्तींनाच बोलवावे.

उघडे पोलाद काही तासांतच पुन्हा गंजू लागते, म्हणून संध्याकाळपर्यंत प्रायमर लावून होईल तेवढाच भाग सकाळी खरवडायला घ्यावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांपेक्षा अधिक असेल, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव बनते, त्यापेक्षा) किमान 3 अंशांनी जास्त नसेल, तर रंगाचा डबा उघडू नये. घाईने लावलेला थर पुढे फुगून सुटतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

स्मोकबॉक्सकडे, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाला धुराड्याखाली असलेल्या कप्प्याकडे, नवख्यांचे दुर्लक्ष होते, कारण तो बाहेरून धडधाकट दिसतो. आत साचलेल्या राखेत गंधकाचे अंश असतात. धुराड्यातून पाणी पडले की त्यांचे आम्ल बनते आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. आम्ही ओलसर राख काढत गेलो, तेव्हा खाली पत्र्याऐवजी हाताने चुरगळता येईल असे तपकिरी पापुद्रे लागले. राख पूर्ण काढून, तळ कोरडा करून धुराड्यावर झाकण बसवावे, मात्र हवा खेळती राहील अशी फट ठेवावी. टाक्यांच्या तळाची निचऱ्याची छिद्रे मोकळी करावीत आणि उघड्या पोलादी दांड्यांवर तेलाचा हात नियमित फिरवावा. रंगकाम आटोपल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर विजेरी घेऊन स्मोकबॉक्समध्ये आणि कॅबच्या छताखाली पाहावे आणि पाणी नेमके कुठून आले, ते त्याच वहीत लिहून ठेवावे.