ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर खटकन पाडायचा असन तर आधी हे करा

राजेहो, आपल्याकडं पिकअप म्हटली का अजूनई क्लच दाबून गिअर टाकायचीच, पण आता ऑटोमॅटिकवाल्या पिकअपई रोडवर दिसून रायल्या. 2022 मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सच्या ऑटोमॅटिकले 500 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आहे अन् तिच्याच मॅन्युअलले 420, इसुझूच्या व्ही-क्रॉसमध्येई 1.9 लिटर डिझेलसंगं सहा गिअरचा ऑटोमॅटिक भेटते. अन् अशी गाडी घेतलेला माणूस सहा महिन्यांनी एकच गोष्ट विचारते, भाऊ लोड टाकला का गिअर लोळत लोळत पडते, खटकन पडत नाई, गिअर कडक पाडायचं काही किट-बिट लागते का याले?

लागलं तर शेवटी, अन् तेई जुन्या बॉक्सलेच. माझी स्वतःची एक जुनी सेकंडहँड ऑटोमॅटिक पिकअप आहे, संत्र्याचे कॅरेट भरून वरुडहून नागपूरच्या कळमना मार्केटले जाते, अन् मी उलटीकडून सुरू केलं होतं म्हणून सांगतो.

पहिले आत काय होते ते समजून घ्या. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलते म्हणजे एक क्लच सुटते अन् दुसरा पकडते, दोन्ही ऑइलात बुडालेले, अन् दोन्ही चालतात ऑइलच्या प्रेशरवर. सुटणं अन् पकडणं याच्या मधात प्लेटा एकमेकीवर घसरतात, हे घसरणं लांबलं का तुम्हाले गिअर मऊ लागते, शोरूमवाल्याले तेच पाहिजे रायते कारण मागं बसलेल्याले झटका लागू नये. पण दीड टन माल टाकून चढावर तेच घसरणं म्हणजे नुसती गरमी, प्लेटा झिजतात अन् ऑइल जळते. म्हणून गिअर थोडा कडक पडलेला बरा. थोडा म्हटलं मी, दणकन नाई, दणकन पडला तर तो झटका मागं प्रोपेलर शाफ्टच्या (गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा) क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, अन् डिफरन्शियलवर जाते.

आधी गाडी खालून पाहा. क्रॉस ढिला असन किंवा गिअर बॉक्सचं फाउंडेशन, म्हणजे खालचं रबर, बसलं असन तर आवाज तिथून येते अन् माणूस गिअर बॉक्सले शिव्या देते. पाच मिनिटाचं काम आहे.

मंग ऑइल. निम्म्या गाड्या इथंच सुधरतात. ऑइल थोडं काढून पांढऱ्या कागदावर टाका, जळका वास आला, रंग काळपट झाला तर बदलायची वेळ झाली. चेंबर, म्हणजे गिअर बॉक्सखालचं ऑइलचं भांडं, खोललं का आतल्या चुंबकावर राखाडी चिखलासारखा लेप दिसन, तो चालते, पण चकत्या, तुकडे, पितळी चमक दिसली तर थांबा, तिथं किटचा काही उपयोग नाई, बॉक्स उघडाच लागते. ऑइल गुलाबी दुधासारखं झालं असन तर रेडिएटरमधून पाणी घुसलं, त्यात गाडी एक किलोमीटरबी चालवू नका. चेंबरचं ऑइल काढलं तरी निम्म्याहून जास्त आत टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिनची ताकद ऑइलातून गिअर बॉक्सले देणारा भाग) रायते, म्हणून एकदा बदलून, थोडी चालवून, परत एकदोनदा बदला. किती निघालं ते खुणेच्या बाटलीत मोजा, तेवढंच टाका. गाडीच्या मॅन्युअल पुस्तकात ऑइलचा जो ग्रेड लिहिला तोच, दुकानदार म्हणन हे सगळ्याले चालते, ते ऐकू नका, अन् 90 नंबरचं गिअर ऑइल तर चुकूनई नाई. फिल्टर बदला, गॅस्केट नवीन लावा, अन् चेंबरचे बोल्ट अंदाजानं जोर लावून आवळू नका, अॅल्युमिनियमचे आटे आहेत, गेले म्हणजे गेले.

आता खरी गंमत. बऱ्याच नवीन बॉक्सले डिपस्टिक नाई, खाली एक लेव्हलचा बोल्ट रायते, गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, ऑइल ठरलेल्या टेंपरेचरले, अन् बोल्ट काढला का बारीक धार येऊन थेंब थेंब व्हायले पाहिजे. ते टेंपरेचर कित्येक गाड्यांत 35 ते 45 डिग्रीच्या मधात रायते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. आता सांगा, मे महिन्यात आपल्याकडं दुपारी हवाच 45 ले टेकते, टिनाच्या शेडमधली गाडी त्याच्याहून गरम, मंग ऑइल 40 ले आणान कसं? माझ्या गाडीचं लेव्हल मेकॅनिकनं भर दुपारी दोन वाजता पाहिलं होतं. गरम ऑइल फुगलेलं, जास्तीचं वाटून सांडून दिलं, अन् दुसऱ्या दिवशी पहाटे थंड गाडी चढावर घेतली तर गिअर स्लिप मारे. मी म्हटलं क्लच गेले, लाखाचा खर्च आला, अन् निघालं काय तर ऑइल कमी. तवापासून हे काम मी पहाटे पाचले करतो, रातभर उभी असलेली गाडी, संगं गाडीच्या कॉम्प्युटरले जोडायचा एक स्कॅनर जो ऑइलचं टेंपरेचर दाखवते.

ऑइलनंतर कूलर. ऑटोमॅटिकचं ऑइल साधारण 80 ते 95 डिग्रीत खुश रायते, 120 च्या वर गेलं का लवकर खराब होते, अन् भरल्या गाडीनं परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलात तर तिथं पोचायले वेळ लागत नाई. कंपनीचा कूलर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या आतच रायते, त्याच्यानंतर एक प्लेटवाला वेगळा कूलर जोडा, एसीच्या कंडेन्सरपुढं, हवा लागन असा. पाइप ऑटोमॅटिकच्या ऑइलचाच घ्या, डिझेलचा पाइप लावणारे पाहिले मी, तो काही महिन्यात फुगते अन् सुटते. घाटात गाडी तिसरा-चौथा तिसरा-चौथा करत असन तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून तिसऱ्यात धरून ठेवा, हे फुकट आहे.

एवढं झाल्यावर स्कॅनरनं गिअर बॉक्सचं जुनं शिकलेलं पुसून नवीन शिकवा. कॉम्प्युटर झिजलेल्या प्लेटांप्रमाणं प्रेशर लावायची सवय लावून घेते, ऑइल नवीन अन् सवय जुनी असं नको. मंग शंभरेक किलोमीटर कधी हळू, कधी मध्यम पाय देऊन चालवा.

आता तुमचं ते किट, म्हणजे गिअर कडक पाडणारं शिफ्ट किट. यूट्यूबवर जे दाखवतात ते बहुतेक अमेरिकन पिकअपचे जुने बॉक्स, शेव्हरोलेची 700 आर 4, 4 एल 60 ई वगैरे. त्यात वॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलचं प्रेशर वाटणाऱ्या भागात, अॅक्युम्युलेटर म्हणून स्प्रिंगवाला पिस्टन रायते, प्रेशर हळू चढावं म्हणून, किटमध्ये त्याची कडक स्प्रिंग येते, अन् मधल्या प्लेटची भोकं ड्रिलनं मोठी करा लागतात. भोक एक साइज जास्त झालं तर परत लहान होत नाई, प्लेटच बदला लागते. आपल्या नवीन सहा गिअरच्या गाडीत प्रेशर कॉम्प्युटर अन् सोलेनॉइड (करंटवर चालणारे छोटे वॉल्व्ह) सांभाळतात, त्यात ते किट बसत नाई, तिथं झिजलेली वॉल्व्ह बॉडी दुरुस्त करणं, सोलेनॉइड बदलणं, नाहीतर जाणकाराकडून कॉम्प्युटरची ट्यूनिंग, एवढंच हातात आहे. वॉरंटी चालू असन तर यातलं काहीच नका करू.

ज्याच्याकडं जुना बॉक्स आहे अन् खोलायचंच ठरवलं त्यानं प्रत्येक थराचा फोटो काढा. आत छर्ऱ्यासारख्या छोट्या गोळ्या रायतात, एक जरी जागा चुकली तर एखादा गिअरच गायब होते. गोळ्या जागेवर धरायले व्हॅसलिन लावा, ग्रीस नाई, व्हॅसलिन ऑइलात विरघळते. अन् हात पुसायले कॉटन वेस्ट अजिबात नको, एक धागा वॉल्व्हमध्ये अडकला का गिअर अडकला. जिनिंगच्या दिवसात आमच्याकडं हवेतच कापूस उडत रायते, म्हणून माझ्या चुलतभावानं वॉल्व्ह बॉडी घरात, पंखा बंद करून, देवघराच्या बाजूले उघडली, काकू आठ दिवस बोलली नाई त्याच्यासंगं. पण गिअर मात्र अजून खटाखट पडतात.

काम झालं का पहिले रिकामी गाडी चालवा, मंग अर्धा लोड, मंग पूर्ण. पाचशे किलोमीटरनंतर चेंबरखाली पुठ्ठा टाकून रातभर ठेवा, सकाळी लाल डाग दिसला तर गॅस्केट परत पाहा.