मधुमेहात डोळ्यांचा पडदा कसा बिघडतो आणि तो वेळेत कसा तपासून घ्यायचा

गोव्यात हा विषय घराघरातला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच निघालं: प्रौढांमध्ये २६.४ टक्के. चार माणसांत एकाला तरी साखर आहे. पायाला जखम झाली की सगळे सावध होतात. डोळ्यांकडे मात्र दिसायचं कमी झाल्यावरच लक्ष जातं, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

आत काय घडतं

डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो, डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात. भिंत हलकी झाली तिथे फुगवटा येतो आणि त्यातून पाणी, चरबी, रक्त झिरपू लागतं. काही वाहिन्या पार बंद पडतात. हे सारं पडद्याच्या कडेकडेला चाललेलं असतं तेव्हा माणूस पेपर वाचतो, स्कूटर चालवतो, बसची पाटी वाचतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. म्हणून स्वच्छ दिसतंय यावरून पडदा ठीक असल्याचं धरून चालू नये.

नजर जाते ती मुख्यतः दोन प्रकारे. एक, झिरपलेलं पाणी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात साठतं. मग अक्षरं पुसट होतात आणि सरळ रेषा वाकडी दिसते. दुसरा प्रकार जास्त घातक. रक्त न मिळालेला पडदा नव्या वाहिन्या उगवाव्यात म्हणून रसायन सोडतो. उगवतात त्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात, की सहज फुटतात आणि डोळ्यात रक्त पसरतं. पुढे त्यांच्याभोवतीची जाळी आखडली की ती पडद्यालाच ओढून जागेवरून सुटा करते.

साखर एकदम खालीवर झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो, ती गोष्ट वेगळी. अशा वेळी घाईने नवा चष्मा करू नये. साखर स्थिरावून काही आठवडे जाऊ द्यावेत.

तपासणी कधी आणि कशी

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की लगेच पडदा तपासून घ्यावा, कारण निदानाआधी साखर किती वर्षं चढी होती हे कोणालाच ठाऊक नसतं. टाइप १ असेल तर पहिली तपासणी निदानापासून ५ वर्षांच्या आत. पुढे दोन्हींत साधारण दर वर्षी, दोष दिसला तर डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने दिवस राहण्यापूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत तपासून घ्यावं. गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, म्हापसा-मडगावची जिल्हा इस्पितळं असोत की खाजगी दवाखाना, नाव नोंदवतानाच सांगावं: 'मधुमेह आहे, थेंब घालून पडदा तपासायचा आहे.' थेंब लागू व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि नंतर ४ ते ६ तास जवळचं अंधूक दिसतं, उजेड खुपतो. स्वतः गाडी घेऊन जाऊ नये. घरचं कोणी सोबत न्यावं नाहीतर कदंबा बसने जावं, आणि गॉगल विसरू नये. बरोबर औषधांची चिठ्ठी, शेवटचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), रक्तदाब आणि किडनीचा रिपोर्ट न्यावा. पूर्वी काचबिंदू सांगितला असेल तर थेंब घालण्याआधीच बोलावं.

निघताना केसपेपर वाचून घ्यावा. 'एनपीडीआर, माइल्ड' म्हणजे आजार सुरू झालाय, पण सहसा साखर व रक्तदाब सांभाळून लक्ष ठेवणं पुरतं. 'सिव्हिअर' लिहिलं असेल तर पुढची तारीख काही महिन्यांच्या आतली असते, ती चुकवू नये. 'पीडीआर' म्हणजे नव्या वाहिन्या उगवल्या. 'डीएमई' म्हणजे मध्यभागी सूज. ती किती आहे हे ओसीटी स्कॅनवर, म्हणजे पडद्याच्या थरांच्या चित्रावर, मोजतात.

उपचार

सुजेवर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच माणसं पळतात, पण डोळा थेंबांनी बधिर करतात आणि काम काही क्षणांत होतं. सुरुवातीला साधारण महिन्याला एक अशी काही घ्यावी लागतात. इथेच घोटाळा होतो: दोन इंजेक्शनांनंतर बरं दिसतं, माणूस येणं थांबवतो आणि सूज परतते. अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला असेल तर आधी सांगावं. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग आला तर तो आपोआप जातो. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढलं किंवा नजर उतरली तर जंतुसंसर्गाची शक्यता असते, त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.

नव्या वाहिन्यांसाठी लेझर करतात. त्याने कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते, गेलेली नजरही सहसा परत येत नाही. उरलेली राखण्यासाठी तो असतो, हे घरच्यांना आधी समजावलं की 'लेझर करूनही काही फरक नाही' अशी निराशा येत नाही.

घरी काय करायचं

बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या खाली आणि रक्तदाब १३०/८० च्या आत हे लक्ष्य असतं. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलतात. डीसीसीटी या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवली, तेव्हा पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. चवथीला दोन नेवऱ्या खाल्ल्याने डोळा जात नाही. वर्षानुवर्षं एचबीए१सी ९ वर राहिल्याने जाऊ शकतो. मात्र फार दिवस चढी असलेली साखर एकदम खाली आणली तर पडदा सुरुवातीला काही काळ जास्त बिघडू शकतो. म्हणून इन्सुलिन सुरू करण्याआधी किंवा औषधं एकदम वाढवण्याआधी पडदा दाखवून घ्यावा. या भीतीने औषध मात्र टाळू नये.

आठवड्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून एकेक डोळा झाकावा आणि ३० सेंटीमीटरवर धरलेल्या चौकटीच्या वहीच्या पानावर मधोमध काढलेल्या ठिपक्याकडे बघावं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला तर चार दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. अचानक काळे ठिपके किंवा जाळं तरंगू लागलं, वीज चमकल्यासारखं दिसलं, किंवा कडेने खिडकीचा पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर सकाळची वाट पाहू नये.