फाइल एक्स्प्लोरर हव्या त्या फोल्डरवर उघडत नाही? या चुका टाळा

फाइल एक्स्प्लोरर उघडायचा, मग डी ड्राइव्ह, मग कामाचा फोल्डर, मग त्यातला चालू महिना. दिवसभर ही पायपीट करण्याची खरंच गरज नाही. पण सेटिंग करूनही फरक पडत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. बहुतेक वेळा सेटिंग एका दाराला केलेलं असतं आणि आपण शिरतो दुसऱ्याच दाराने.

विंडोज ११ मध्ये फोल्डर ऑप्शन्सच्या जनरल टॅबवर ‘ओपन फाइल एक्स्प्लोरर टू’ आहे. तिथे होम, धिस पीसी अशी ठरावीक नावंच मिळतात, आपला फोल्डर निवडता येत नाही. त्यासाठी डेस्कटॉपवर नवा शॉर्टकट करा. पत्त्याच्या चौकटीत एक्स्प्लोरर डॉट ईएक्सई, एक स्पेस आणि पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. मग तो टास्कबारवर पिन करा. विंडोज आणि ई ही बटणं दाबलीत तर मात्र जनरल टॅबवरचंच ठिकाण उघडेल. कीबोर्डची सवय असेल तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याला कंट्रोल, ऑल्ट आणि एखादं अक्षर नेमून द्या.

सर्वांत जास्त घोळ पत्त्यात होतो. समजा, पत्ता डी:\कामे\अहवाल असा आहे आणि मध्येच कुणीतरी ‘अहवाल’चं ‘अहवाल जुने’ केलं. आता शॉर्टकट दाबला की एररही येत नाही, गुपचूप डॉक्युमेंट्स उघडतं. आपल्याला वाटतं, विंडोजने सेटिंग पुसलं. तसं नसतं, डॉक्युमेंट्स उघडलं की आधी पत्ता तपासा. नावात स्वल्पविराम असेल तर अवतरणचिन्हांशिवाय पत्ता तिथेच तुटतो. म्हणून हाताने टाइप करूच नका. फोल्डरवर शिफ्ट धरून राइट क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या, अवतरणचिन्हं आपोआप येतात.

फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर असेल तर ड्राइव्हचं अक्षर बदलू शकतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं द्या.

पिन केल्यावर डेस्कटॉपवरचा शॉर्टकट बदलून उपयोग नाही, टास्कबारकडे त्याची वेगळी प्रत असते. अनपिन करून पुन्हा पिन करा.

‘स्टार्टअप’ नावाच्या फोल्डरशी गल्लत नको. त्यात शॉर्टकट टाकलात तर लॉगिन करताच ती खिडकी उघडेल, एक्स्प्लोररची सुरुवात बदलणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती: सोपं पडतं म्हणून डॉक्युमेंट्सचं लोकेशन थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी नेऊ नका. मग अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स ठरतो आणि परत फिरवताना नाकीनऊ येतात. न्यायचंच असेल तर आधी डी मध्ये रिकामा फोल्डर करा आणि तोच निवडा.