रिसेप्टर केंद्रकात पोहोचलाच नाही? निष्कर्ष लिहिण्याआधी या चुका टाळा

हॉर्मोन ओळखणारी रिसेप्टर प्रथिनं केंद्रकात कशी जातात आणि त्यात पेशीच्या सांगाड्याचा काय वाटा असतो, हे कर्करोगाच्या पेशींवर तपासणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही टिपणं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि एम.एस्सी.ची प्रोजेक्ट्सही नेमकी तेव्हाच संपवायची असतात. अशा उकाड्यात पीबीएसपासून (पेशी धुण्याचं क्षारद्रावण) सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये जातात. साठवायला ते ठीकच. पण तोच गार पीबीएस जिवंत पेशींवर ओतला, तर मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे सांगाड्यातल्या प्रथिनांच्या नळ्या, काही मिनिटांत सुटे व्हायला लागतात. औषध दिलेली प्लेट आणि कंट्रोल, दोन्हींतला सांगाडा तुम्हीच मोडलेला असतो. मग दोन्ही प्लेट सारख्या दिसतात आणि प्रबंधात वाक्य उतरतं, 'औषधाचा परिणाम आढळला नाही.' धुण्याचं द्रावण आणि फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा स्थिर करणारं रसायन) ३७ अंशांवर आणूनच वापरा. उणे २० अंशांचं मिथेनॉल पेशी क्षणात स्थिर करतं, म्हणून मायक्रोट्यूब्यूलसाठी ते चालतं. अ‍ॅक्टिन (सांगाड्यातले बारीक तंतू) फॅलॉयडिनने रंगवायचं असेल तर मात्र मिथेनॉल नको, पॅराफॉर्मल्डिहाइडच घ्या.

सगळे रिसेप्टर एकाच वाटेने जात नाहीत

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत हॉर्मोन नसताना अँड्रोजेन रिसेप्टर बराचसा पेशीद्रवात, एचएसपी९० सारख्या प्रथिनांच्या सोबतीने असतो. हॉर्मोन मिळालं की डायनीन या मोटर प्रथिनाच्या मदतीने मायक्रोट्यूब्यूलवरून तो केंद्रकाकडे सरकतो. हेच चित्र मुलं स्तनाच्या कर्करोगातल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला जसंच्या तसं लावतात. हा रिसेप्टर हॉर्मोन नसतानाही बहुतांश केंद्रकातच असतो. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत 'इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) दिल्यावर केंद्रकात गेला' हे दाखवायला निघालात, तर हाती काही लागणार नाही. तिथे सांगाड्याचा संबंध वेगळ्या जागी शोधावा लागतो. इस्ट्रोजेन दिल्यावर काही मिनिटांतच रिसेप्टरमार्फत मोएसिन हे प्रथिन सक्रिय होतं, अ‍ॅक्टिनची मांडणी बदलते आणि पेशीची हालचाल वाढते. पहिला फोटो २४ तासांनी काढणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

पॅक्लिटॅक्सेलने वाहतूक सुधारत नाही

सांगाडा स्थिर केला म्हणजे रस्ता पक्का झाला, असा तर्क सेमिनारमध्ये हमखास येतो. मागावरचा ताणा एकदा भरला की कापड उतरेपर्यंत तोच राहतो. मायक्रोट्यूब्यूल तसे नसतात, ते सतत वाढतात आणि कोसळतात. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसीटॅक्सेल ही टॅक्सेन गटातली कर्करोगाची औषधं ही घडमोड गोठवतात. त्यामुळे पेशीविभाजन अडतंच, शिवाय अँड्रोजेन रिसेप्टरचं केंद्रकात जाणंही कमी होतं. डोसीटॅक्सेल २००४ पासून प्रगत प्रोस्टेट कर्करोगात वापरात आहे, आणि त्याच्या परिणामाचा काही भाग या अडवणुकीतून येत असावा, असं मानलं जातं.

नोकोडॅझोल उलट्या दिशेने काम करतं, मायक्रोट्यूब्यूल मोडतं. ते रात्रभर ठेवू नका. पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकतात, तेव्हा केंद्रकाचं आवरणच नसतं आणि रिसेप्टर पेशीभर पसरलेला दिसतो. त्यावरून 'केंद्रकात प्रवेश थांबला' असं लिहिणं सपशेल चूक. तास-दोन तास पुरतात. डीएनए दाखवणाऱ्या डीएपीआय रंगात गुणसूत्रं घट्ट झालेल्या पेशी मोजणीतून वगळा.

पेशी ज्यात वाढवता ते मीडियमही तपासा. फिनॉल रेड या रंगद्रव्यामुळे मीडियमला सौम्य इस्ट्रोजेनी गुण येतो आणि सीरममध्ये स्टेरॉइड्स असतातच, म्हणून फिनॉल रेड नसलेलं मीडियम आणि चारकोलने गाळलेलं सीरम घ्या. एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींतला अँड्रोजेन रिसेप्टर उत्परिवर्तित असतो, तो प्रोजेस्टेरॉनलाही दाद देतो. त्याच कर्करोगाच्या पीसी-३ पेशींत तर तो जवळपास नसतोच.

शेवटी प्रबंधातल्या चर्चेच्या प्रकरणाबद्दल, कारण तिथली घाई माणसांपर्यंत पोहोचते. एआर-व्ही७ या अँड्रोजेन रिसेप्टरच्या आखूड रूपात हॉर्मोन धरणारा भाग नसतो आणि काही प्रयोगांत तो मायक्रोट्यूब्यूलला चिकटत नाही असं दिसलं आहे. त्यावरून 'एआर-व्ही७ असलेल्या रुग्णांना टॅक्सेन उपयोगी नाही' असं लिहू नका. अशा काही रुग्णांनी टॅक्सेनला चांगला प्रतिसाद दिल्याची नोंद आहे, कारण विभाजन रोखण्याचं या औषधांचं मूळ काम तिथेही चालूच असतं.