वस्तीतल्या दवाखान्यात वजनाची गट-ओपीडी कशी चालवावी

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांना एका पेशंटसाठी जेमतेम तीन-चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात बीपी बघून गोळ्या लिहून होतात आणि वजनाचा विषय 'तेलकट बंद करा, रोज चालायला जा' इथेच संपतो. गोवंडी, मानखुर्द किंवा धारावीत राहणाऱ्या बाईला या सल्ल्याचा काही उपयोग नसतो, कारण ती चालणार कुठे आणि घरात तेल कोण आणतं हे कुणी विचारलेलंच नसतं. दहा-बारा जणांना एकत्र बसवून दीड तासाची ओपीडी घेतली की हे विचारायला वेळ मिळतो.

मात्र ती ओपीडीच राहिली पाहिजे. प्रत्येकाचा केसपेपर, प्रत्येकाची तपासणी, प्रत्येकाचं औषध. फक्त डॉक्टरांशी होणारं बोलणं बाकीच्यांनाही ऐकू येतं. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या पेशंटना पाच-पाचच्या गटात असंच तपासून पाहिलं गेलं आहे. या ओपीडीचं आरोग्य-शिबिरातलं भाषण झालं की दोन-तीन बैठकांत माणसं यायची थांबतात.

कुणाला घ्यायचं

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो. जागा मोजक्या असतील तर बीएमआय २५ च्या वर असून सोबत बीपी, शुगर किंवा गुडघेदुखी असलेल्यांना आधी घ्या. गरोदर बाईला या गटात घेऊ नका. बीपी १८०/११० च्या वर, शुगर ३०० च्या वर किंवा छातीत दुखत असेल तर आधी त्यावर उपचार, गट नंतर.

पहिल्याच दिवशी चालू औषधांची पिशवी मागवून सगळी पाकिटं टेबलावर ओता. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी गल्लीतल्या डॉक्टरकडून महिनोन्‌महिने चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या इथेच सापडतात. त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांनी हळूहळू कमी करायच्या असतात. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड (डायबेटिसची गोळी), मानसिक आजारांवरची काही औषधं आणि 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन यांनीही काहींचं वजन वाढतं. हे कळल्याशिवाय 'तुम्ही खाण्यावर ताबा ठेवत नाही' असं म्हणणं अन्याय आहे.

वेळ आणि खोली

दर पंधरा दिवसांनी एक बैठक, सहा महिन्यांत बारा. वार आणि वेळ पक्की ठेवा, पण ठरवण्याआधी वस्तीत पाणी कधी येतं ते विचारा. नळाच्या वेळेला ठेवलेल्या बैठकीला बाई येणार नाही आणि तो तिचा दोष नाही. बायकांना बहुतेक दुपारी दोन ते साडेतीन जमतं. पुरुषांचा गट वेगळा, कामावरून आल्यावर. दुपारच्या गटात ते येत नाहीत आणि आले तरी बायका बोलायच्या थांबतात. मे महिन्यात अर्धी वस्ती गावाला जाते, म्हणून गट जूनमध्ये सुरू करणं सोयीचं.

हात नसलेल्या मजबूत खुर्च्या किंवा बाकडी गोलात मांडा. प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्चीत अडकून बसावं लागलं की ती व्यक्ती पुन्हा येत नाही. सतरंजी नको, गुडघे दुखणाऱ्यांना उठता येत नाही. वजनकाटा २०० किलोपर्यंतचा, कडक लादीवर, पडद्यामागे. बीपीचा मोठा पट्टा हवाच: जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त येतं आणि गोळी विनाकारण वाढते. मुलं सोबत येणार, त्यांच्यासाठी एक कोपरा ठेवा.

आदल्या दिवशी फोन करा. फोन बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, त्यामुळे 'ताईंची उद्या दोन वाजता तपासणी आहे' एवढंच सांगा. वजनाचा किंवा आजाराचा उल्लेख नको.

दीड तास कसा वापरायचा

पहिली वीस मिनिटं नर्सची: पडद्यामागे वजन, मग बीपी, महिन्यातून एकदा कंबर. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. आकडा केसपेपरवर लिहून त्या व्यक्तीलाच दाखवा. मोठ्याने वाचू नका, आणि 'सगळ्यात जास्त कुणी उतरवलं' अशी स्पर्धा तर कधीच लावू नका.

पुढची चाळीस-पन्नास मिनिटं डॉक्टरांची. प्रत्येकाशी साधारण चार मिनिटं, सगळ्यांसमोर, पण आधी परवानगी घेऊन. पहिल्या बैठकीत ठरवून घ्या: इथलं बोलणं इथेच राहील, नको वाटेल ते सांगायची सक्ती नाही. डॉक्टरांना इथे एक सवय मोडावी लागते. एखादी म्हणाली, 'रात्री दहाला सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात मीच संपवते,' तर लगेच उत्तर देऊ नका. 'अजून कुणाचं असं होतं?' असं विचारून थांबा. तांदूळ कमी टाकायचा, स्वतःचं ताट आधी वाढून ठेवायचं, असे उपाय समोरूनच येतात, आणि शेजारणीने सांगितलेला उपाय घरी केला जातो. पाळी, घरातली मारहाण, लैंगिक तक्रारी, उदासपणा हे विषय शेवटी पडद्यामागे एकेकटीशी.

उरलेल्या वेळात एकच विषय, हातात वस्तू घेऊन. तेलाचा दिवस असेल तर पाच लिटरचा डबा आणा. पाच माणसांच्या घरात तो महिन्याला संपत असेल तर माणशी रोज ३३ मिली तेल, म्हणजे जवळजवळ २७५ कॅलरी. तोच वापर तीन लिटरवर आणला तर माणशी रोज ११० कॅलरी कमी होतात आणि पैसेही वाचतात. डब्यावर मार्करने आठवड्याच्या रेघा मारून द्या. चहाचंही तसंच: दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, एकूण १६० कॅलरी.

ओट्स आणि ऑलिव्ह ऑइलची छापील पानं वाटू नका. रेशनवर मिळतो तो गहू-तांदूळ, त्यामुळे ताट त्यानेच भरतं आणि प्रथिनं कमी पडतात. चवळी, मटकी, अंडी, सोयाबीनच्या वड्या यांवर बोला; २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं असतात. सुकट-जवळाही चालेल, पण मीठ कमी व्हावं म्हणून आधी भिजवून धुवा. चालायला जागा नसेल तर खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून तीनदा.

निघताना प्रत्येकाने पंधरा दिवसांसाठी एकच बदल ठरवायचा आणि तो केसपेपरवर लिहायचा. महिन्याभराच्या गोळ्या त्याच खोलीत हातात द्या. औषधासाठी पुन्हा रांग लावायला लागली तर गळती सुरू होते.

कुठे बिघडतं

खाणं कमी झालं आणि ग्लिमेपिराइड तेवढंच राहिलं तर शुगर उतरते: घाम, थरथर, चक्कर. श्रावणातले उपवास आणि रमझान यांच्या आधीच्या बैठकीत डोस ठरवून घ्या. उपवास म्हणजे साबुदाणा नव्हे, हेही तेव्हाच बोला.

वजन भराभर उतरलं तर टाळ्या वाजवण्याआधी खोकला, ताप, रात्रीचा घाम, फार लघवी विचारा. या वस्त्यांमध्ये टीबी आहे, आणि अशा गटात तो कौतुकाखाली झाकला जाऊ शकतो. शंका आली की त्याच दिवशी थुंकीची तपासणी आणि शुगर.

१५२ सेंटिमीटर उंचीच्या, ७२ किलोच्या बाईचं सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरलं, तर ते जवळजवळ पाच टक्के आहे आणि बीपी-शुगरवर त्याचा फरक दिसतो. वीस किलोचं वचन देऊ नका. बीएमआय ३२.५ च्या वर आणि सोबत डायबेटिस असेल तर मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यायला पाठवा. मोठ्याने घोरून दिवसा पेंगणाऱ्यांना झोपेच्या तपासणीसाठी.

बारा बैठकांनंतर गट मोडू नका, महिन्यातून एकदा बोलवा. ज्यांचं वजन दोन किलो परत वाढलं ते नेमके येणं टाळतात, त्यांच्या घरी आरोग्यसेविकेला पाठवा.