ट्यूब लिनिअरचं इनपुट जुळवताना या चुका टाळा

हॅम रेडिओचा रिग (ट्रान्समीटर) १०० वॉट द्यायला तयार आहे, पण लिनिअरमधून (त्याची पॉवर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून) अपेक्षित पॉवर निघत नाही, किंवा एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचं माप, १:१ म्हणजे उत्तम) वाढल्यामुळे रिग स्वतःच पॉवर कमी करतो. लगेच ट्यूब म्हातारी झाली असं ठरवू नका. आधी ट्यूबच्या कॅथोडकडचं पाय-नेटवर्क, म्हणजे रिग आणि ट्यूब जुळवणारं कॉइल-कपॅसिटरचं सर्किट, तपासा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे बंद लिनिअरच्या इनपुटला ॲनालायझर (इंपिडन्स मोजणारं उपकरण) लावून कॉइल जुळवणं. ग्राउंडेड ग्रिडमध्ये (ग्रिड ग्राउंडला, रिगची पॉवर कॅथोडला) कॅथोडचा इंपिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) ट्यूबमधून करंट वाहायला लागल्यावरच आकाराला येतो, त्यामुळे थंड ट्यूबवर दिसणारा आकडा निरुपयोगी असतो. ॲनालायझर वापरायचाच असेल तर ट्यूब सॉकेटमध्येच ठेवा आणि कॅथोड ते ग्राउंड एक रेझिस्टर आखूड पायांनी जोडा. एका ३-५००झेड ट्यूबसाठी साधारण ११० ओहम, दोन समांतर असतील तर निम्मा. वायरवाउंड नको, तो स्वतःच कॉइलसारखा वागतो. काम झाल्यावर रेझिस्टर आठवणीने काढा.

ही झाली कच्ची जुळणी. पक्की जुळणी पूर्ण ड्राइव्हवर (रिगकडून येणाऱ्या पूर्ण पॉवरवर), डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर) लावून, प्लेट आणि लोडिंग हे आउटपुटचे कंट्रोल नीट बसवल्यानंतरच होते. इथे प्लेटचा करंटही इनपुट सर्किटमधूनच जातो, म्हणून लोडिंग हललं की इनपुटही हलतं. १० वॉटवर मिळालेला १:१ पूर्ण पॉवरवर टिकेलच असं नाही. मात्र 'नुसतं इनपुट बघू' म्हणून प्लेट व्होल्टेज बंद ठेवून ड्राइव्ह देऊ नका, सगळा करंट ग्रिडवर येतो आणि ट्यूब जाते. कॉइलला हात लावण्याआधी दर वेळी प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री करा, मग प्लेट सप्लाय ग्राउंडला शॉर्ट करा. तिथे २५००-३००० व्होल्ट असतात, घाई जिवावर बेतू शकते.

रिगचा ऑटो ट्यूनर या वेळी बंदच हवा. तो चालू असेल तर रिग समाधानी दिसतो आणि दोष आत तसाच राहतो. केबल लांब-आखूड करून रिगला फसवणं हाही त्यातलाच प्रकार.

एसडब्ल्यूआर ठीक आला म्हणून नेटवर्क काढून टाकणारेही भेटतात. ट्यूब सायकलच्या साधारण अर्ध्याच भागात करंट ओढते. उरलेल्या भागात तरंग सावरून धरायला क्यू (सर्किटची ऊर्जा साठवून धरण्याची क्षमता) लागतो, नाहीतर सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरतो. ५० ओहमच्या बाजूला क्यू २ धरला तर ३.५ मेगाहर्ट्झवर सुमारे १८०० पीएफ लागतात, २८ वर सुमारे २३०. कपॅसिटर सिल्व्हर मायकाचे घ्या. मोर्स की दाबून धरल्यावर एसडब्ल्यूआर हळूहळू सरकत असेल तर आधी कपॅसिटर तापतोय का पाहा.

फक्त १० मीटर बँडवरच (२८ मेगाहर्ट्झ) जुळत नसेल तर नेटवर्क ते कॅथोड वायर मोजा. १० सेंटीमीटर वायर म्हणजे जवळपास ०.१ मायक्रोहेन्री, २८ मेगाहर्ट्झवर सुमारे १८ ओहम. अशा वेळी कॉइलचे वेढे बदलत बसण्याआधी वायर आखूड करा.