घरच्यांना घेऊन एक दिवस मुंबई: आधी लोकलचं ठरवा

दर दिवाळीला आणि मे महिन्यात आमच्याकडे डोंबिवलीला साताऱ्याहून पाहुणे येतात आणि मुंबई दाखवायचं काम माझ्याकडे येतं. अशा वेळी प्रत्येक जण सल्ला देतो: सिद्धिविनायक, हाजीअली, राणीची बाग, गेटवे, जुहू, सगळं एका दिवसात होतं. होत नाही. मुलं रडकुंडीला येतात, आजींचे गुडघे धरतात आणि दिवसाचा निम्मा वेळ टॅक्सीत जातो. दक्षिण मुंबईतली तीन-चार ठिकाणं धरा, बाकीची पुढच्या खेपेला.

दिवस रविवारचा घ्या. पाणी, टोप्या, डबा हे सांगायला नको.

आता लोकल. माझा एकच नियम आहे: गाडी जिथून सुटते तिथे चढायचं आणि जिथे संपते तिथे उतरायचं. म्हणजे डोंबिवलीहून निघणार असाल तर डोंबिवलीहूनच सुटणारी सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी) गाडी पकडा. कल्याणहून भरून आलेल्या फास्टने पंधरा मिनिटं वाचतील, पण त्यात आजी आणि दोन पोरं कोंबू नका. ठाणे, कल्याण, बोरिवली, पनवेल, सगळीकडून अशा गाड्या सुटतात. वेळापत्रकात आदल्या रात्री बघून ठेवा, कारण रविवारी गाड्या कमी असतात. स्लो मिळाली तरी चालेल, बसायला मिळणं महत्त्वाचं. सुटणारी गाडी फलाटावर रिकामी येते तेव्हा रोजची माणसं ती थांबायच्या आत उड्या मारतात. तुम्ही मुलांना घेऊन मागे उभे राहा. गाडी पूर्ण थांबू द्या, मग चढा.

हा नियम मी फार वाईट रीतीने शिकले. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण मधल्याच एका स्टेशनावर गाडी बदलत होतो. माझा सात वर्षांचा पुतण्या हात सोडवून आधी आत शिरला, मागून लोंढा आला आणि आम्ही फलाटावर असतानाच गाडी हलली. मधल्या स्टेशनावर लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. पुढच्या स्टेशनावर एका बाईंनी त्याला उतरवून, बाकावर शेजारी बसवून ठेवलं होतं. त्याच्या मुठीत बिस्किटाचा पुडा होता, न फोडलेला. ती वीस मिनिटं मी आजही विसरलेले नाही.

तेव्हापासून निघण्याआधी मुलांकडून दोन वाक्यं पाठ करून घेते. गाडीत एकटा राहिलास तर पुढच्या स्टेशनावर उतरायचं आणि तिथेच उभं राहायचं. फलाटावर एकटा राहिलास तर जागचं हलायचं नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. चढताना एक मोठं माणूस पुढे, मग मुलं आणि म्हातारी माणसं, सगळ्यात शेवटी घरातला धट्टाकट्टा माणूस. उतरतानाही हाच क्रम. मधल्या स्टेशनावर उतरावंच लागलं तर एक स्टेशन आधीच उठा, फलाट कुठल्या बाजूला येणार ते विचारा आणि पुढच्याला ‘उतरायचंय का?’ म्हणत दाराकडे सरका. गाडी सुटली असेल तर कोणीही उडी मारायची नाही. पुढे उतरून परत या, त्यात काही बिघडत नाही.

‘बायका लेडीज डब्यात, पुरुष जनरलमध्ये’ हा सल्ला मी मानत नाही. रोजच्या प्रवासाला तो ठीक आहे. नवख्या माणसांची फाटाफूट झाली की फोन ऐकू येत नाही आणि प्रत्येक जण वेगळ्या दाराने उतरतो. सगळे एकाच डब्यात बसा.

मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी रविवारी काही गाड्या बंद ठेवतात किंवा वळवतात तो वेळ, साधारण अकरा ते चार असतो. नवाच्या आत पोहोचा, पाचनंतर परत निघा, म्हणजे त्याची झळ लागत नाही. तरी शनिवारी एकदा पाहून घ्याच.

सीएसएमटीला उतरलात की धावत बाहेर पडू नका. १८८८ साली बांधून झालेली ही इमारत हेच पहिलं ठिकाण आहे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ बसलेला आहे. दगडात कोरलेली माकडं, मोर शोधायला सांगितलं की मुलं अर्धा तास रमतात.

तिथून टॅक्सीने गेटवे. १९४८च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली, हे मुलांना कमानीखाली उभं करून सांगा. समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. घारापुरीची लाँच मात्र आज नको. जायलाच तासभर लागतो, वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. तिला वेगळा दिवस द्या. सोमवारी लेणी बंद असतात.

सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं, गेटवेपासून चालत दहा मिनिटं. दुपारचं ऊन इथेच काढा. मुलांना आधी पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात न्या. सगळी दालनं बघायचा हट्ट नको.

जेवण, थोडी टेकण, मग चार-साडेचारला गिरगाव चौपाटी. भेळ खा, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. आमच्या आत्याबाई पहिल्यांदा तिथे बसल्या तेव्हा चप्पल काढून, पाण्याला हात जोडून गप्प बसल्या होत्या. सूर्य समोरच मावळतो, तेवढं होईपर्यंत कोणाला उठवू नका.

परतताना पश्चिम रेल्वेचं चर्चगेट जवळ असलं तरी मध्य रेल्वेने जाणाऱ्यांनी टॅक्सी करून सीएसएमटीच गाठावं. दादरला बदलण्याच्या फंदात रात्री पडू नका. इंडिकेटरवर तुमच्या स्टेशनपर्यंतची गाडी बघा, भरलेली असेल तर सोडा, पुढची रिकामी येईल. आजींना खिडकी द्या आणि डोकी मोजा.